विश्लेषण : गिटारच्या ‘कॅपो’ची निवड कशी करावी? वसईच्या गायनवृंदांना त्याचा उपयोग काय?

चार-पाच कॉर्ड्स येणारा नवशिका गिटारवादकही कोणत्याही गायकाला त्याच्या पट्टीत साथ करू शकतो, ते कॅपो नावाच्या छोट्या चिमट्यामुळे. मात्र गिटारला न बसणारा किंवा चुकीच्या जागी लावलेला कॅपो सुरात असलेली गिटार बेसूर करतो. हे साधन कसे निवडायचे, कसे लावायचे आणि पट्टीचा हिशेब कसा मांडायचा, याविषयी...

वसईत हा विषय महत्त्वाचा का?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनाविषयक दस्तऐवज मंजूर केला आणि कॅथोलिक उपासनेत लॅटिनबरोबर लोकभाषांचा मार्ग मोकळा झाला. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये स्वतंत्र झाला, तोवर येथील चर्चमध्ये मराठी मिस्सा आणि मराठी भक्तिगीते रुळलेली होती. नंदाखाल, गास, पापडी, संदोर, रमेदी अशा गावांत रविवारच्या मिस्साला आणि नाताळच्या गीतांना गायनवृंद लागतो. त्याच्या साथीला की-बोर्ड आणि गिटार ही सोयीची वाद्ये. दुसरीकडे नालासोपारा-विरारच्या इमारतींत गिटार शिकणारी मुले हिंदी-मराठी गाण्यांवर हात बसवत असतात. या दोन्ही ठिकाणी अडचण एकच येते. गाणे ज्या पट्टीत बसवले, ती गाणाऱ्याच्या गळ्याला पेलत नाही.

मिस्सातील गाणे फक्त गायनवृंदाचे नसते. बाकांवर बसलेले आजी-आजोबा, शाळकरी मुले, दिवसभर राबून आलेली माणसे सगळ्यांनी ते म्हणायचे असते. पट्टी दोन सूर जास्त चढली की धृपदाच्या वरच्या ओळीला निम्मे लोक गप्प होतात. फार उतरली तर स्त्रियांचा आवाज खालच्या सुरांत पुटपुटल्यासारखा होतो. अशा वेळी पट्टी बदलणे हाच उपाय असतो आणि गिटारवर ते काम कॅपो करतो.

कॅपो नेमके काय करतो?

गिटारच्या नेकवर धातूच्या आडव्या तारा बसवलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीवरचे पडदे सरकवता येतात, गिटारचे फ्रेट मात्र कायमचे बसवलेले असतात. बोटाने तार फ्रेटमागे दाबली की तिची वाजणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. कॅपो हेच काम सहाही तारांवर एकाच वेळी करतो. जणू गिटारच्या टोकाची खाचांची पट्टी, म्हणजे नट, उचलून पुढच्या फ्रेटवर आणून ठेवली जाते.

एक फ्रेट म्हणजे अर्धा सूर. अर्ध्या सुराला तारेची कंपनसंख्या सुमारे १.०५९५ पटीने वाढते. बऱ्याच अकूस्टिक गिटारमध्ये नट ते ब्रिज ही लांबी ६४८ मिलिमीटरच्या आसपास असते. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की ती सुमारे ५७७ मिलिमीटर उरते. पाचवी तार मोकळी असताना ११० हर्ट्झवर ‘ए’ वाजते, ती आता सुमारे १२३.५ हर्ट्झवर ‘बी’ वाजू लागते. बोटांच्या जागा आणि कॉर्डचे आकार तेच राहतात, फक्त सगळे एक पूर्ण सूर वर सरकते.

हार्मोनियम माहीत असणाऱ्यांना हे लगेच कळेल. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांची रांगच सरकवली जाते, की-बोर्डवर ट्रान्स्पोजचे बटण असते आणि गिटारला कॅपो असतो.

हे नाव कुठून आले?

मूळ इटालियन शब्द ‘कापोतास्तो’. ‘कापो’ म्हणजे डोके किंवा मुख्य आणि ‘तास्तो’ म्हणजे फ्रेट. सतराव्या शतकात जोव्हान्नी बात्तिस्ता दोनी या इटालियन संगीत अभ्यासकाच्या लेखनात हा शब्द आढळतो. स्पेनच्या फ्लामेंको वादनात कॅपोला ‘सेहिया’ म्हणतात आणि गायकाची पट्टी सांभाळणे हेच तेथेही त्याचे मुख्य काम असते. रंगासाठीही कॅपो वापरला जातो. बीटल्सच्या १९६९ च्या ‘हिअर कम्स द सन’ या गाण्यात जॉर्ज हॅरिसनने सातव्या फ्रेटवर कॅपो लावून ‘डी’चे आकार वाजवले, त्यामुळे गाणे ‘ए’मध्ये ऐकू येते आणि गिटारचा आवाज चमकदार लागतो.

पट्टी आणि कॅपो यांचा हिशेब कसा मांडायचा?

आपल्याकडे गायक ‘सी शार्प’ म्हणत नाही, ‘काळी एक’ म्हणतो. गिटारच्या वर्गात मात्र इंग्रजी अक्षरे शिकवली जातात. म्हणून दोन्हींची सांगड घालणे आवश्यक. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प आणि पांढरी सात बी.

सी, डी आणि जी या तीन गटांचे मोकळ्या तारांचे आकार येत असतील, तर चौथ्या फ्रेटच्या पुढे न जाता बाराही पट्ट्या मिळतात.

• सी गट : कॅपो नसताना पांढरी एक, पहिल्या फ्रेटवर काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन, तिसऱ्यावर काळी दोन, चौथ्यावर पांढरी तीन.

• डी गट : तिसऱ्या फ्रेटवर पांढरी चार, चौथ्यावर काळी तीन.

• जी गट : कॅपो नसताना पांढरी पाच, पहिल्या फ्रेटवर काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच, चौथ्यावर पांढरी सात.

उदाहरणार्थ, गाणे जी गटात बसवले आहे आणि गायिकेला काळी पाच हवी आहे. जीपासून ए शार्प तीन फ्रेट वर, म्हणून कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावायचा आणि बोटे जी, सी, डी, ई मायनर याच आकारांत ठेवायची. हेच गाणे दुसऱ्या गायकाला पांढरी चारमध्ये हवे असेल तर? एफ हा सूर जीपेक्षा दोन फ्रेट खाली आहे आणि कॅपो पट्टी फक्त वर नेतो, खाली नाही. अशा वेळी आकार बदलावे लागतात. डी गटातून तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की पांढरी चार हाती येते.

मायनर अंगाच्या गाण्यांसाठी ए मायनरच्या आकारातून सुरुवात करता येते. कॅपो नसताना ती पांढरी सहा, तिसऱ्या फ्रेटवर पांढरी एक आणि चौथ्यावर काळी एक होते.

सी गटात एफ ही नवशिक्यांना नकोशी वाटणारी कॉर्ड येते, कारण तिच्यात एक बोट आडवे टाकून एकाहून अधिक तारा दाबाव्या लागतात. ती टाळायची असेल तर जी गटातून पाचव्या फ्रेटवर कॅपो लावूनही पांढरी एक मिळते. मात्र कॅपो लावलेला असताना एफ दाबणेही थोडे सोपे जाते. नटजवळ तारा फ्रेटपासून जितक्या उंच असतात, तितक्या कॅपोजवळ नसतात.

की-बोर्डवाल्याशी गोंधळ का होतो?

सरावात हमखास होणारी ही चूक आहे. गिटारवादकाने तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावलेला असतो, बोटे जीच्या आकारात असतात आणि तो शेजारी सांगतो, ‘जी वाजव.’ की-बोर्डवाला खरा जी वाजवतो. गिटारमधून प्रत्यक्षात ए शार्प येत असतो आणि पहिल्याच कॉर्डला दोन्ही वाद्ये भांडू लागतात.

यावर दोन उपाय आहेत. एक, की-बोर्डवर ट्रान्स्पोज अधिक तीन करावे, म्हणजे दोघांनाही जी म्हणता येईल. दोन, गिटारवादकाने आकार आणि पट्टी वेगवेगळी सांगावी : ‘कॅपो तीन, आकार जी, पट्टी काळी पाच.’ गाण्याच्या वहीत किंवा मोबाइलवरच्या शब्दांच्या वर हीच एक ओळ लिहून ठेवली, तर पुढच्या आठवड्यात वेगळा वादक आला तरी अडत नाही. साथीला तबला असेल तर तो एका पट्टीत लावून ठेवलेला असतो आणि कॅपोसारखा क्षणात बदलता येत नाही. म्हणून पट्टी आधी ठरवून मगच तबला लावावा.

कॅपो लावल्यावर गिटार बेसूर का होते?

कॅपो तार दाबताना ती किंचित ताणतो. ताण वाढला की सूर चढतो. दाब जितका जास्त आणि फ्रेट जितके उंच, तितका हा फरक वाढतो. तारा बोटपट्टीपासून फार वर असलेल्या गिटारवर तो अधिक जाणवतो. सगळ्या तारा सारख्या चढल्या असत्या तर कानाला फारसे खटकले नसते. पण जाड आणि बारीक तारा वेगवेगळ्या प्रमाणात चढतात, त्यामुळे कॉर्ड फाटल्यासारखी ऐकू येते.

दुसरे कारण जागेचे. कॅपो दोन फ्रेटच्या मधोमध लावला तर स्वच्छ सुरासाठी जास्त दाब लागतो आणि तारा अधिक ताणल्या जातात. तो थेट फ्रेटच्या डोक्यावर चढवला तर आवाज दबका येतो. तिरका बसला तर एका टोकाच्या तारा घट्ट आणि दुसऱ्या टोकाच्या सैल राहून झणझणतात.

लावण्याची योग्य पद्धत कोणती?

• कॅपो नसताना सहाही तारा ट्यूनरवर सुरात लावाव्यात.

• कॅपो हव्या त्या फ्रेटच्या अगदी मागे, म्हणजे नटच्या बाजूला, फ्रेटला समांतर बसवावा. फ्रेटला खेटून पण त्यावर न चढता.

• लावताना तारा वर किंवा खाली ओढल्या जाऊ नयेत. कॅपो सरळ वरून टेकवून मग आवळावा.

• सहाही तारा एकेक करून वाजवाव्यात. एखादी झणझणली तर दाब वाढवण्याआधी कॅपो सरळ आहे का ते पाहावे.

• स्वच्छ सूर येईल इतकाच दाब ठेवावा. कॅपोला दाबाचा स्क्रू असेल तर तो सैल करत जावे आणि तार झणझणू लागली की किंचित आवळून थांबावे.

• पुन्हा ट्यूनर पाहावा. चार-पाच सेंटचा फरक सहसा चालून जातो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. फरक जास्त असेल तर खुंटी थोडी फिरवावी आणि कॅपो काढल्यावर गिटार पुन्हा लावण्याचे लक्षात ठेवावे.

कॅपोचे प्रकार किती आणि कोणता कुणासाठी?

इलॅस्टिकचा : रबरी दांडी आणि मागून ओढून अडकवायचा पट्टा. हलका आणि स्वस्त. पण दाब नेमका ठेवता येत नाही आणि पट्टा कालांतराने सैल पडतो.

स्प्रिंगचा चिमटा : बाजारात सर्वाधिक दिसणारा प्रकार. कायझर कंपनीचा कॅपो याचा परिचित नमुना. एका हाताने दोन सेकंदांत लागतो, नको तेव्हा गिटारच्या डोक्याला अडकवून ठेवता येतो. एकामागून एक गाणी घेणाऱ्या गायनवृंदासाठी हा सोयीचा. दोष असा की स्प्रिंगचा दाब ठरलेला असतो. तुमच्या गिटारला तो जास्त होत असेल तर प्रत्येक वेळी सूर चढणारच.

खटक्याचा : मागच्या बाजूला छोटा दांडा दाबला की कॅपो जागच्या जागी बसतो. शब कंपनीचा कॅपो या प्रकारात प्रसिद्ध आहे. दाबाचा स्क्रू एकदा आपल्या गिटारसाठी ठरवला की पुन्हा फारसे पाहावे लागत नाही. नेकची जाडी पुढे वाढत जाते, त्यामुळे वरच्या फ्रेटवर जाताना स्क्रू थोडा सैल करावा लागतो.

स्क्रूचा : दाब पूर्णपणे वादकाच्या हाती. डॅडारिओचे असे हलके कॅपो मिळतात. सूर सर्वात चांगला सांभाळता येतो, पण लावायला वेळ लागतो. ध्वनिमुद्रण किंवा घरच्या सरावासाठी उत्तम.

मुठीने आवळायचा : ‘जी सेव्हन्थ’ कंपनीच्या या रचनेत हाताने दाबाल तितकाच दाब राहतो आणि बटणाने तो सुटतो. वेग आणि नेमकेपणा दोन्ही मिळतात, किंमतही तशीच असते.

साधे स्प्रिंगचे कॅपो काही शे रुपयांत मिळतात, नामांकित परदेशी कॅपोंसाठी हजारांत खर्च येतो. नवशिक्याने सुरुवातीलाच महागडा घ्यायची गरज नाही. मात्र दाबाचा स्क्रू असलेला मध्यम किमतीचा कॅपो मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे मोजणे फायद्याचे ठरते.

दुकानात काय तपासावे?

आपली गिटार सोबत नेणे हा पहिला नियम. वसई-विरारहून चर्चगेटची लोकल पकडून मरीन लाइन्सला उतरले की धोबी तलावचा वाद्यांचा बाजार चालत गाठता येतो. १८६५ पासूनचे फर्टाडोज याच परिसरातले. ऑनलाइन कॅपो मागवला तर परत करण्याची सोय आहे का ते पाहावे, कारण तो आपल्या नेकवर बसतो की नाही हे चित्रावरून कळत नाही.

स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारची बोटपट्टी मध्यभागी किंचित उंचवटा असलेली असते आणि नटजवळ तिची रुंदी साधारण ४३ मिलिमीटर असते. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारची पट्टी बहुधा सपाट आणि साधारण ५२ मिलिमीटर रुंद असते. क्लासिकलसाठीचा सपाट कॅपो स्टीलच्या गिटारला लावला तर कडेच्या तारा नीट दाबल्या जात नाहीत. उलट, स्टीलच्या गिटारचा कॅपो क्लासिकलला आखूड पडू शकतो. युकुलेलेचा कॅपो तर गिटारला उपयोगाचाच नाही. बारा तारांच्या गिटारला वेगळा, जास्त दाबाचा कॅपो लागतो.

दुकानात कॅपो पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर लावून पाहावा. प्रत्येक ठिकाणी सहाही तारा स्वच्छ वाजतात का, ट्यूनरचा काटा किती हलतो, कॉर्ड धरताना कॅपोचा मागचा भाग हाताला अडतो का, हे तपासावे. रबर नखाने दाबून पाहावे. दगडासारखे कडक रबर झणझणाट वाढवते, फार मऊ असेल तर त्यावर तारांचे चरे लवकर पडतात. मागचा भाग नेकला टेकतो तिथेही रबर किंवा सिलिकॉन हवे, नाही तर पॉलिश खरवडले जाते.

खाऱ्या, दमट हवेत काय काळजी घ्यावी?

अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनारपट्टीवर हवेत मीठ आणि ओलावा असतो. पावसाळ्यात तारा लवकर गंजतात. गंजलेली तार खुंटी आणि नटमध्ये अडकते, त्यामुळे कॅपो काढल्यावर ती मूळ सुरावर नीट परतत नाही. अशा वेळी दोष कॅपोला दिला जातो, पण बदलायला हवी असते तार.

दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते. त्याने नेकचा बाक आणि तारांची उंची बदलते. जूनमध्ये बरोबर असलेला दाब जानेवारीत जास्त किंवा कमी वाटू शकतो. कॅपोच्या स्प्रिंग आणि स्क्रूवरचा घाम कोरड्या फडक्याने पुसावा. वाजवून झाल्यावर कॅपो गिटारला चिकटवून ठेवू नये. सतत दाब राहिल्याने रबरावर तारांचे खोल चरे पडतात आणि पुढच्या वेळी तार त्या चऱ्यातच घुसून बेसूर होते. असे चरे दिसू लागले की रबर बदलून घ्यावे, बऱ्याच नामांकित कंपन्यांची सुटी रबरे मिळतात.

तारा बोटपट्टीपासून फारच उंच असतील तर कोणताही कॅपो ती गिटार सुरात ठेवू शकत नाही. आधी गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून नट, ब्रिज आणि नेक तपासून घ्यावेत.

कॅपो म्हणजे पळवाट आहे का?

आडव्या बोटाच्या कॉर्ड्स टाळायला कॅपो वापरतात, म्हणून त्याला पळवाट म्हटले जाते. कायम एकाच गटावर विसंबून राहिले तर हात तिथेच अडकतो, हे खरे. पण मोकळ्या तारांचा घुमणारा आवाज आडव्या बोटाच्या कॉर्डमध्ये मिळत नाही, म्हणून मुरलेले वादकही कॅपो वापरतात. मर्यादा आहेत त्या उंचीच्या. सातव्या फ्रेटच्या पुढे खर्जाचा भरणा संपतो आणि गिटार मँडोलिनसारखी वाजू लागते. एकट्या गिटारवर गायनवृंद उभा असेल तर पाचव्या फ्रेटच्या आत राहणे बरे.

दोन गिटार असतील तर हीच मर्यादा उपयोगी पडते. पांढरी पाचच्या गाण्यात एकाने कॅपो न लावता जीचे आकार वाजवावेत, दुसऱ्याने पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून डीचे. पट्टी एकच, पण एक गिटार खाली भरते आणि दुसरी वर चमकते.

पट्टी ठरवताना मात्र सुरुवात गिटारपासून करू नये. गाणाऱ्यांना आधी वाद्याशिवाय गाणे म्हणू द्यावे. त्यातली सर्वात वरची आणि सर्वात खालची ओळ ताण न घेता येते का ते ऐकावे आणि तो षड्ज पेटीवर किंवा की-बोर्डवर शोधावा. सगळ्यांनी म्हणायचे गीत असेल, तर गायनवृंदातल्या सर्वात तयार आवाजाऐवजी मागच्या बाकावरच्या माणसाचा गळा गृहीत धरावा. पट्टी सापडली की कोणत्या गटातून कितव्या फ्रेटवर कॅपो, हा हिशेब मिनिटभराचा आहे.